अंग आंबणे आणि लचक भरणे: सारख्या भासणाऱ्या दोन दुखण्यांना वेगळी हालचाल

कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवरून उतरून घरी आलेल्या नवख्या माणसाला त्या रात्री मांड्यांचे फारसे काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी त्या जड वाटू लागतात आणि तिसऱ्या दिवशी कठडा धरल्याशिवाय जिना उतरवत नाही. त्याच वाटेवर ओल्या दगडावरून पाय घसरून ज्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला एकदम कळ गेली, तोही तिसऱ्या दिवशी तसाच लंगडत असतो. घरचे दोघांनाही एकच सांगतात: पाय आखडले आहेत, आसने कर, ताण दे, म्हणजे मोकळे होतील. पहिल्याने हा सल्ला मानला तर फारसे बिघडत नाही. दुसऱ्याचे दुखणे मात्र याच सल्ल्याने लांबते, आणि म्हणून आसनाला बसण्यापूर्वी आपले अंग आंबले आहे की लचक भरली आहे, हे ओळखणे फार गरजेचे आहे.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू शरीराचे वजन सावरत असतो, म्हणजे तो आवळलेला असतानाच लांबतही असतो. सवय नसलेल्या स्नायूला हा भार झेपत नाही, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि शरीर तिची डागडुजी सुरू करते. दुखणे उशिरा येते ते यामुळेच: साधारण १२ ते २४ तासांनी ते सुरू होते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि आठवड्याभरात ओसरते. साचलेल्या लॅक्टिक ॲसिडमुळे अंग दुखते हा समज अजूनही ऐकू येतो, पण श्रमात वाढलेले लॅक्टेट विश्रांतीनंतर तासाभरातच खाली येते. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही.

लचकेचे तसे नसते. ती भरल्याचा क्षण सांगता येतो: घसरलो तेव्हा, चेंडूमागे धावलो तेव्हा, सिलिंडर उचलला तेव्हा. स्नायूचे काही तंतू, बहुधा स्नायू आणि त्याला हाडाशी बांधणारी कंडरा जिथे जुळतात त्या भागात, ताणून तुटलेले असतात. कुठे दुखते असे विचारले, तर अंग आंबलेला माणूस सबंध तळवा दोन्ही मांड्यांवरून फिरवतो. लचक भरलेला एका बाजूला, एका ठिकाणी, एक बोट टेकवतो.

आंबलेल्या अंगाला हलकी, लयीतली हालचाल मानवते. पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी घेणारे पवनमुक्तासन, श्वासाबरोबर पाठ वरखाली करणारे मार्जारासन, भिंतीला पाय टेकवून पाच मिनिटे पडून राहणे, एवढे सकाळ-संध्याकाळ केले तरी पुरते. यामुळे स्नायू लवकर भरून येतो असे मी म्हणणार नाही, कारण ताण दिल्याने हे दुखणे फारसे कमी होत नाही असेच आजवरचे संशोधन दाखवते. मात्र हालचाल चालू असताना आणि नंतर काही वेळ आराम पडतो, आणि माणूस अंथरुणाला खिळत नाही.

लचकेच्या बाबतीत मी स्वतः चूक केली आहे. मांडीच्या मागचा स्नायू दुखावलेला असताना मी रोज पहाटे पश्चिमोत्तानासनात वाकत असे. वर्गात पाठीवर हात ठेवून मला आणखी खाली दाबले जाई, आणि तेही मला योग्यच वाटे. अर्धा तास पाय मोकळा वाटायचा, संध्याकाळी बैठकीच्या हाडाखाली तीच कळ पुन्हा यायची. असे कित्येक महिने गेले. दुखावलेल्या स्नायूभोवतीचे आखडणे हे बऱ्याच अंशी शरीराने घातलेले कुंपण असते, आणि ते जोर लावून मोडले की आतली नवी, कच्ची जुळणी पुन्हा उसवते, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्या जागेला ताण, जोराची मालीश आणि कडकडीत शेक देऊ नये. मात्र नुसते पडून राहणेही बरोबर नाही, कारण जखम भरताना विणले जाणारे कोलॅजेनचे धागे सुरुवातीला वेडेवाकडे असतात आणि बेताचा भार मिळाल्यावरच ते स्नायूच्या दिशेने लागतात. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत आणि दुखऱ्या पायाची टाच जमिनीवर हलकेच दाबून पाच-सहा सेकंद धरावी. पाय जागचा हलत नाही, पण स्नायू काम करतो. ते बिनदुखत जमले की कंबर वीतभर उचलून सेतुबंधासन करावे. ताणाची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि तेव्हाही झोपून, तळपायाला पट्टा लावून, गुडघा किंचित वाकलेला ठेवून. पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टा, विटा आणि लोड यांचा जो वापर रुळवला, त्याचे मोल अशा दुखण्यात कळते.

मात्रा किती, याचे माप पतंजलींच्या ‘स्थिरसुखमासनम्’ या सूत्रात सापडते. श्वास अडला, दात आवळले गेले किंवा कपाळाला आठी पडली, की त्या स्थितीत सुख उरलेले नसते आणि तिथून मागे यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले आढळले, तर आदल्या दिवशीची मात्रा निम्मी करावी.

काही खुणा दिसल्या तर आसने बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे: दुखापतीच्या वेळी ‘कट्’ असा आवाज येणे, पायावर भार न पेलणे, मोठा काळानिळा डाग पडणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागणे, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येणे. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, किंवा अतिश्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर तासाचाही उशीर करू नये.

दोहोंपैकी काय झाले आहे हे पहिल्या दिवशी कळत नसेल, तर लचक भरली आहे असे धरूनच वागावे. हळुवार वागवल्याने आंबलेल्या अंगाचे काही बिघडत नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते आपोआप हलके होऊ लागते. लचक असेल, तर बोट अजूनही त्याच जागी टेकते.