अॅम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा?

"स्पीकर शंभर वॅटचे आहेत, मग अॅम्प्लिफायर किती वॅटचा चालेल?" हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो. त्यामागे बहुतेक वेळा एकच भीती असते, की जास्त वॅटचा लावला तर स्पीकर उडतील. दुरुस्तीच्या टेबलावर आम्हाला बऱ्याचदा उलटंच दिसतं. अॅम्प्लिफायर छोटा, कुवतीबाहेर ताणलेला, आणि जळालेला असतो तो ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर.

असा ट्वीटर उघडला की जळक्या इनॅमलचा वास येतो. केसासारख्या बारीक तारेची कॉइल काळी पडलेली असते, आणि मल्टीमीटर लावला तर सर्किट तुटलेलं दिसतं. खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, मात्र ठणठणीत. हे असं का होतं? अॅम्प्लिफायरची ताकद संपली की ध्वनिलहरीचे शेंडे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. शेंडे कापले की मूळ गाण्यात नसलेले उंच सूर तयार होतात, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे उंच आणि खालचे सूर वेगळे करणारं स्पीकरमधलं सर्किट, ते थेट ट्वीटरकडे पाठवतो. शिवाय आपण आवाजाचं बटण फिरवतच राहिलो तर गाण्यातले हलके भागही वर येतात आणि सरासरी पॉवर चढत जाते. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या गुळगुळीत साइन लहरीपेक्षा दुप्पट पॉवर असते. म्हणून आवाज कर्कश, चिरका वाटू लागला की लगेच कमी करा. तेवढ्या एका सवयीने ट्वीटर वाचतो.

वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी बघा

स्पीकरच्या माहितीत "८७ डीबी, १ वॅट, १ मीटर" असं लिहिलेलं असतं. म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ८७ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आवाज मिळतो; हीच सेन्सिटिव्हिटी. आमच्या मते निवडीत सगळ्यात जास्त उपयोगाचा आकडा हाच, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ५० आणि ६० वॅटमधला फरक एक डीबीसुद्धा नाही; त्यासाठी जादा पैसे घालवू नका. उलट ८४ डीबीच्या स्पीकरला ९० डीबीच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट पॉवर द्यावी लागते.

मग मोठा अॅम्प्लिफायर कशासाठी? घरात रोजच्या आवाजाला सरासरी एखादा वॅटही पुरतो. पण ड्रमचा एक ठोका सरासरीच्या २० डीबी वर गेला, तर त्या क्षणी शंभरपट पॉवर लागते. ती राखीव ताकद असेल तर ठोका मोकळा, खणखणीत येतो.

आम्ही साधारणपणे स्पीकरच्या सलग (सतत झेलता येणाऱ्या) वॅटच्या दीडपट ते दुप्पट अॅम्प्लिफायर सुचवतो, पण बटण जाणत्या हातात असेल तरच. वूफरमधून टकटक आवाज येऊ लागला तर तो मर्यादेला पोहोचला आहे, आवाज उतरवा. कमी वॅटचा अॅम्प्लिफायर असेल तर तो टाकून देऊ नका. मध्यम आवाजात तो वर्षानुवर्षं चालतो. बटण मध्यावर आहे म्हणजे अर्धीच ताकद लागते आहे, असं मात्र समजू नका. जोडलेल्या उपकरणाचा सिग्नल जोरकस असेल तर तिथेच ताकद संपलेली असू शकते.

ओहम (विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) जुळवायला विसरू नका. ४ ओहमचा स्पीकर त्याच व्होल्टेजला ८ ओहमच्या दुप्पट करंट ओढतो. अॅम्प्लिफायरच्या मागे किमान ८ ओहम लिहिलं असेल तर त्याला ४ चा भार देऊ नका. एकाच चॅनेलवर (डाव्या किंवा उजव्या बाजूला) ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तरी भार ४ चाच होतो. आणि ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, तो बिघाड नव्हे.

वॅटचा आकडा वाचताना दोन्ही चॅनेल चालू असताना, ८ ओहमवर, सलग मिळणारे वॅट बघा. १० टक्के डिस्टॉर्शनला (आवाजातल्या विकृतीला) मोजलेले वॅट म्हणजे क्लिपिंग सुरू झाल्यानंतरचे वॅट. पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीतल्या फुगवलेल्या क्षणिक पॉवरचा, आकडा तर सोडूनच द्या.

चौकशीला येताना स्पीकरच्या मागच्या पट्टीचा फोटो आणि स्पीकरपासून बसायच्या जागेचं अंतर घेऊन या. ट्वीटर बदलायचा असेल तर अॅम्प्लिफायरही सोबत आणा. नवा ट्वीटर त्याच अॅम्प्लिफायरवर पुन्हा जळालेला आम्ही पाहिला आहे.