सा वर ये नं बाप्पा!

सोयाबीनची मळणी आटोपली की आमच्या गावच्या देवळात रात्री खंजिरी भजन रंगतं. परवा चहासाठी सगळे थांबले, तेव्हा मी पेटी पुढे ओढली आणि चार पट्ट्या एकदम दाबून धरल्या: खालचे प आणि नी, मधले रे आणि म. भाता हलतोय, सूर चाललाय, मी काही सोडेना. शेवटी पेटीवाले काका वैतागले, "आता सा वर ये नं बाप्पा!"

कीबोर्डवाली पोरं या चौकडीला 'सेव्हन्थ' म्हणतात. पूर्ण नाव डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड; कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सूर. पंचमाला पाश्चात्त्य संगीतात डॉमिनंट म्हणतात, आणि प पासून मोजत गेलं की प, ध, नी, सा, रे, ग, म असा मध्यम सातवा येतो. नावात एवढंच आहे.

काकांची चिडचिड मात्र खोलात जाण्यासारखी. पेटीच्या पांढरी एक या पट्टीला सा धरला तर खालचा नी सेकंदाला सुमारे २४७ वेळा कंप पावतो, म ३४९ वेळा. सा-प चं प्रमाण जवळपास २:३, म्हणून ते सूर एकमेकांत मिसळतात. नी-म चं येतं १.४१४, म्हणजे २ चं वर्गमूळ! अशा जोडीच्या लहरी सहजासहजी जुळत नाहीत, कानाला खरखर लागते. शिवाय दोघांचीही सुटका फक्त एकेका पट्टीच्या अंतरावर: नी वर सरकला की सा, म खाली उतरला की ग. आणि हे सा-ग, म्हणजे गाणं जिथे येऊन विसावतं ते नेमके घरचे सूर, चौकडीत नाहीतच. तंबोऱ्यात सा सतत वाजत असतो. इथे तो लपवून ठेवलाय.

पण सगळं गणिताच्या माथी मारू नये. अमेरिकेतल्या ब्लूजमध्ये गाणं अशाच कॉर्डवर खुशाल संपतं. कानाची सवय मोठी चीज आहे.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. सप्तकात १२ पट्ट्या. नी-म मधलं अंतर बरोबर ६, अर्धं. म्हणून म-नी तसेच ठेवून प आणि रे च्या जागी कोमल रे, कोमल ध दाबले, तरी सेव्हन्थच बनते. फक्त तिचं घर तीव्र मध्यमावर. आता म वर चढतो, नी खाली कोमल नीवर उतरतो.

काकांना तेही वाजवून दाखवलं. त्यांनी पेटी काढून घेतली.