मिलिटरी जीप घेण्यापूर्वी आरसी बुक वाचावे: हस्तांतरण, नूतनीकरण आणि व्हिंटेज नोंदणीविषयी माहिती

सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत जुन्या फोर बाय फोर जीप अजूनही बऱ्याच सापडतात. एखादी वाड्याच्या मागे कडब्याच्या गंजीआड टायर जमिनीत रुतवून उभी असते, एखादी ‘आर्मीची आहे’ म्हणून दाखवली जाते, तर एखादी विजयपूर किंवा कलबुर्गीहून येते आणि तिच्या क्रमांकपट्टीवर अजून केए असते. हौशी माणूस आधी गाडी घेतो, मग टायर, टप आणि रंगकामावर पैसे घालतो आणि सर्वांत शेवटी कागद उघडतो. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक याच उलट्या क्रमामुळे. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे तिची नोंद. लोखंड त्या नोंदीशी जुळले तरच ते रस्त्यावर येऊ शकते.

म्हणून व्यवहाराआधी चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि इंधनाचा प्रकार या तीन गोष्टी आरसी बुकाशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी, ताडून पाहाव्यात, आणि त्याही स्वतःच्या डोळ्यांनी. विलिसच्या महायुद्धकालीन जीपचा चेसिस क्रमांक पुढच्या बंपरमागे, डाव्या बाजूच्या चेसिसपट्टीच्या आतल्या अंगाला असतो आणि इंजिनाचा क्रमांक उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरजवळ. साठ-सत्तर वर्षांचे ग्रीस, माती आणि रंगाचे चार थर यांखाली तो सहज दिसत नाही. केरोसीनचे फडके आणि तारेचा ब्रश घेऊन जागा स्वच्छ करावी, तिच्यावर खडू फिरवावा, मग पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चुकूनही लावू नये. घासलेल्या जागेवरचा क्रमांक खरा असला तरी आरटीओच्या निरीक्षकाला तो खोडलेलाच वाटतो, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही.

एका अर्जदाराच्या पुस्तकात शेवटून दुसरा आकडा ८ होता आणि लोखंडावर स्पष्ट ३ होता. फार पूर्वी कुणीतरी हाताने नोंद करताना केलेली ही चूक. तीच चूक पुढे प्रत्येक विमा पॉलिसीत उतरत गेली होती. अशा वेळी मूळ नोंदणी ज्या कार्यालयात झाली तेथील नोंदवहीचा उतारा मिळवून आधी दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि तोवर हस्तांतरणाचा अर्ज पुढे सरकत नाही. हा उतारा काढण्यात महिने जातात. गाडी विकणाऱ्यालाच ते काम करायला सांगावे आणि ते होईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नये.

इंजिनाची अडचण याहून मोठी आहे. सीजे-३बी सारख्या पेट्रोल जीपमधून हरिकेन इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत ग्रामीण भागात सर्रास होती. पेट्रोल परवडत नव्हते, त्यामुळे त्या मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि बदललेल्या इंजिनाचा क्रमांक पुस्तकात चढवावा लागतो. त्यासाठी त्या इंजिनाचे बिल लागते, आणि हे बिल जवळजवळ कुणाकडेही नसते, कारण इंजिन जुन्या बाजारातून किंवा दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीतून आलेले असते. पुस्तकात ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी स्वस्तात मिळत असेल, तर ती का स्वस्त आहे हे यावरून समजावे. हरियाणातील मंडी डबवालीकडून येणाऱ्या जोडणी केलेल्या उघड्या जीपबाबतही हाच प्रश्न विचारावा, कारण त्यांत चेसिस एका गाडीची, बॉडी नवी घडवलेली आणि इंजिन तिसरीकडचे असू शकते.

आता पुस्तकाची मुदत पाहू. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, निरीक्षकापुढे गाडी उभी करून नूतनीकृत करावी लागते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये आहे. महाराष्ट्राचा पर्यावरण कर त्याशिवाय. नूतनीकरणाचा अर्ज नोंदणीकृत मालकाने करायचा असतो. खरेदीदार येथे फसतो. मुदत २००९ मध्ये संपलेले पुस्तक हाती घेऊन तो ‘आता माझ्या नावावर करून द्या’ म्हणतो, आणि संपलेल्या नोंदणीचे हस्तांतरण होत नाही असे त्याला खिडकीवर कळते. तोवर विकणारा फोन उचलत नाही. त्याचप्रमाणे हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकातील नोंद ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर नसेल, तर ऑनलाइन अर्ज सुरूच होत नाही. आधी कार्यालयात लेखी विनंती देऊन ‘बॅकलॉग एंट्री’, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवून घ्यावी लागते, आणि एमएच-१३ ही मालिका येण्यापूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकांना हे काम हमखास लागते. पोर्टलवर क्रमांक टाकून नोंद दिसते की नाही हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे विसार देण्याआधी काढावीत.

वाड्यातली गाडी बहुधा आजोबांच्या नावावर असते आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली असतात. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ते कुणीही केलेले नसते. नातवाने हस्तांतरणाच्या फॉर्म २९ वर आजोबांची सही करून देणे हा यावरचा उपाय नव्हे. तो गुन्हा आहे, मग एजंट काहीही म्हणो. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती जोडून गाडी आधी वारसाच्या नावावर येऊ द्यावी आणि मगच विकत घ्यावी. बहिणींची संमती घ्यायची राहिली, एवढ्यावरून अडलेले अर्ज कमी नाहीत.

लांब चेसिसच्या जीपबाबत आणखी एक गोष्ट. आपल्याकडे यांतल्या कित्येक गाड्या वडापवर चाललेल्या आहेत, आणि ज्यांनी रीतसर परवाना घेतला होता त्यांच्या पुस्तकात वाहनाचा वर्ग प्रवासी वाहतुकीचा लिहिलेला असतो. अशी गाडी आधी खासगी वर्गात बदलून घ्यावी लागते आणि थकलेला कर त्याच वेळी समोर येतो.

परराज्यातील गाडीबाबत सोलापुरात एक गैरसमज घट्ट बसला आहे: ‘कर्नाटकची गाडी बारा महिने चालते.’ बारा महिन्यांची सवलत कलम ४७ मधली आहे आणि ती आपली गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला आलेल्या मालकासाठी, नवा क्रमांक घेण्यापुरती आहे. गाडी विकत घेतली की कलम ५० लागू होते, आणि खरेदीदाराला ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. विकणाऱ्यावर कळवण्याची जबाबदारी राज्यातल्या राज्यात १४ दिवसांची आणि राज्याबाहेरच्या व्यवहारात ४५ दिवसांची आहे. यांतला प्रत्येक आकडा वेगळ्या माणसासाठी आहे, पण लोक त्यांतला सर्वांत सोयीचा स्वतःला लावून घेतात. परराज्यातील गाडीला तेथील कार्यालयाचे फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्या कार्यालयाने ३० दिवसांत नकार कळवला नाही तर प्रमाणपत्र दिले असे मानावे, असे कलम ४८ म्हणते. कायद्यात हे वाक्य वाचायला बरे वाटते, पण ‘मानलेले’ प्रमाणपत्र घेऊन खिडकीवर गेल्यास काय उत्तर मिळते याचा अंदाज वाचकांना असेलच. पाठपुरावा करून हातात कागद घ्यावा. त्यानंतर नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७, हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, पत्त्याचा व ओळखीचा पुरावा आणि महाराष्ट्राचा कर हे सारे नेहमीप्रमाणे. विमा कंपनीला हस्तांतरण १४ दिवसांत कळवायचे असते, तेही विसरू नये.

सर्वांत जास्त फसवणूक ‘आर्मी लिलावातली’ या दोन शब्दांवर होते. लष्करी वाहनांची नोंदणी लष्कर स्वतः करते, क्रमांकपट्टीवरचा वर तोंड केलेला बाण ही त्याची खूण. म्हणून अशा गाडीचे नागरी आरसी बुक मुळात नसतेच. लिलावात घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म ३२ असून तो ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. सोबत दोन कागद लागतात: लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे विक्री कायम केल्याचे प्रमाणपत्र, आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. पहिला कागद कधीतरी सापडतो. दुसरा मात्र अर्जदारांकडे मी क्वचितच पाहिला आहे, कारण गाडी लिलावात एका भंगार व्यापाऱ्याने लॉटमध्ये उचललेली असते, ती दोन हात फिरून येते आणि प्रवासात फक्त गेटपासची झेरॉक्स उरते. फॉर्म ३२ लिलावात बोली जिंकणाऱ्यासाठी आहे, तिसऱ्या खरेदीदारासाठी नाही. गाडीला नोंदणी क्रमांकच नसेल तर ती आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावावर नोंदवून मग खरेदीदाराच्या नावावर करावी, अशी तरतूद त्याच नियमात आहे. ही तरतूद अर्जात नियमाच्या शब्दांत लिहून द्यावी, तोंडी सांगून भागत नाही.

शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले असून ती मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रात मोडीत काढायची आहेत. त्यामुळे जुन्या जिप्सीचा लिलाव दिसला की कॅटलॉगमध्ये ‘स्क्रॅप’ लिहिले आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. भंगार म्हणून विकलेली गाडी भंगारच राहते. तिचे टायर आणि दारे कामी येतील, क्रमांक येणार नाही.

व्हिंटेज नोंदणीचे आकर्षण मोठे आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या, खासगी वापराच्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेल्या दुचाकी-चारचाकींना ती मिळते. अर्ज फॉर्म २० वर, पोर्टलवरून. सोबत विमा, जुने आरसी बुक आणि आयात गाडी असेल तर सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,०००, मुदत १० वर्षे. नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, तर आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो.

अडते ते ‘पहिल्या नोंदणीपासून’ या शब्दांवर. पुस्तकात उत्पादनाचे वर्ष आणि नोंदणीची तारीख असे दोन वेगळे रकाने असतात. जबलपूरला बनलेली जोंगा ही लष्करी जीप घडणीने १९७२ ची असली, तरी लष्करातून निघून तिची नागरी नोंदणी १९९४ मध्ये झाली असेल, तर पुस्तकातील तारखेने ती अजून तरुण आहे. उत्पादनाच्या वर्षावर भिस्त ठेवून अर्ज करू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. दर गुरुवारी अक्कलकोटला जायला जीप हवी असेल, तर साधे पाच वर्षांचे नूतनीकरणच करावे. माझ्याकडे विचारणा करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हेच सांगावे लागते, आणि दहांपैकी नऊ जण नाराज होतात.

त्यानंतरची नाराजी रंगाची. मिलिटरी जीप म्हणजे मेंदी रंग, हे डोक्यात इतके पक्के असते की नियम कुणी वाचत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे संरक्षण दलाखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. गाडी जुनी आहे, मूळची लष्करी आहे, रंग मूळचाच आहे, यांपैकी कोणतीही सबब त्यात नाही. गॅरेजवाला ‘सगळे मारतात, साहेब’ असे म्हणेल, आणि ते खरेही असेल, परंतु तपासणीला गाडी त्याची उभी नसते. बॉनेटवरचा तारा आणि क्रमांकपट्टीवरचा बाण हेही टाळावेत. पुस्तकातल्यापेक्षा वेगळा कोणताही रंग द्यायचा असेल तर त्याची नोंद करून घ्यावी, आणि डबे उघडण्यापूर्वी घ्यावी.

महायुद्धकालीन जीपचे स्टिअरिंग डावीकडे असते. त्यामुळे नोंदणी नाकारली जाते हा समज चुकीचा आहे. कलम १२० नुसार अशा गाडीला चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विजेवरचे इशारादर्शक साधन असावे लागते, म्हणून इंडिकेटर आधी दुरुस्त करावेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सर्व गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही बसवावी लागते; जुन्या हाताने रंगवलेल्या पट्टीचा मोह घराच्या भिंतीपुरता ठेवावा.

तपासणीला गाडी नेताना नोंदणीची मुदत संपलेली असेल तर ती चालवत नेऊ नये, टेम्पोत चढवून न्यावी. एप्रिल-मे महिन्यांत वेळ निवडता येत असेल तर सकाळची घ्यावी. सोलापूरच्या दुपारी या इंजिनांना पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरते आणि निरीक्षक समोर उभा असतानाच गाडी सुरू होत नाही. पंपावर ओले फडके गुंडाळून दहा मिनिटे थांबले की ती सुरू होते, पण तोपर्यंत रांगेतला पुढचा क्रमांक पुकारलेला असतो.