कर्जाचा कागद : सुप्यापासून आजपर्यंत

१२ मे १८७५, बाजाराचा दिवस. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. पाहता पाहता हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. बहुतेक ठिकाणी जमावाला हवे होते ते कर्जरोखे. हाती लागले की ते जाळून टाकत. सावकाराच्या जिवावर सहसा कोणी उठले नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. पण माझ्या मते खरी मेख १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात होती. साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल, असे त्यात ठरले. हेतू कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, भल्याचा, झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करून घेऊ लागला. शेकडा २५ व्याजाने घेतलेले १०० रुपये तीन वर्षांत १७५ होत, सहा वर्षांत ३०६. अक्षरओळख नसलेला कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी, आणि कोर्ट तोच कागद प्रमाण मानी.

म्हणूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा मला फार मोलाचा वाटतो. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, हे त्याने न्यायाधीशावर बंधनकारक केले. कुळाला पावती आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला.

पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने जुना दामदुपटीचा नियम कोर्टांना लागू केला : शिल्लक मुद्दलापेक्षा जास्त व्याजाचा हुकूमनामा (वसुलीचा निकाल) द्यायचा नाही. बँका मात्र या कायद्याबाहेर राहिल्या. त्यामुळे क्रेडिट कार्डाची थकबाकी किती फुगावी, याला दामदुपटीचा आधार नाही.

बँका आणि वित्त कंपन्यांच्या वैयक्तिक कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मुख्य तथ्य पत्रक सक्तीचे केले आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत, प्रक्रिया शुल्क आणि विम्यासह पडणारा एकूण वार्षिक दर त्यात लिहावा लागतो. त्यात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सही करण्याआधी ते मराठीत मागून घ्या.