पार्श्वभूमी : भरतीच्या मेडिकलला टॅटू का आडवा येतो

केंद्रीय निमलष्करी दलांच्या भरतीत लेखी होते, धावणे होते, उंची-छाती होते आणि मग मेडिकलला ‘टॅटूमुळे अनफिट’ असा शेरा पडतो. ज्यांना तो पडतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगावर टॅटूवाल्यांच्या भाषेत ‘काम’ म्हणावे असे काहीच नसते. उजव्या मनगटावर ‘आई’, मळहातावर, म्हणजे तळहाताच्या मागच्या बाजूवर, ॐ, दंडावर त्रिशूळ, तेही जत्रेत उभ्याउभ्या काढलेले. दोन्ही हात, पाठ, मान भरलेली माणसे या मैदानावर फिरकतही नाहीत. दुसरी ‘बाही’, म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत भरलेला दुसरा हात, सुरू करतानाच सरकारी नोकरीचा विषय त्यांनी मिटवलेला असतो. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही माणसे होती. प्रत्यक्षात त्यात सापडतो तो तीन अक्षरे गोंदवलेला, गावाकडच्या अकादमीत पहाटे पळणारा मुलगा.

गोंदण म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सुया आणि काजळ यांची जागा यंत्राने घेतली, एवढाच टप्पा इथे कामाचा. विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट 1891 मध्ये न्यूयॉर्कला घेतले गेले. त्याचा आधार होता एडिसनचे 1876 चे इलेक्ट्रिक पेन. जत्रेत बसणाऱ्याच्या हातातले यंत्र अजून साधेच असते. वर-खाली होणारी एखादी सुई आणि एकाच वाटीतली शाई. ती शाई कातडीत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसायला हवी. त्याहून वर राहिली तर कातडी नवी होताना निघून जाते. खाली गेली तर चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर धूर दिसतो. मनगटाच्या आतली कातडी पातळ, त्यामुळे तिथे हे हमखास होते. देवनागरीचा प्रश्न आणखी वेगळा. अक्षराची उंची आठ-दहा मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर काही वर्षांत शिरोरेषा जाड होते, ‘आ’ आणि ‘ई’ची पोकळी भरते आणि नावाचा ठिपका होतो. एका सुईवर अनेक हात झाले तर कावीळ-बी किंवा एचआयव्हीचा धोका येतो, तो निराळाच.

आता नियम. निमलष्करी दलांच्या भरतीची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे 2015 ची आहेत, 2021 मध्ये ती सुधारली गेली. टॅटूच्या कलमाची सुरुवात एका छोट्या प्रवचनाने होते. आपल्याकडे गोंदणाची प्रथा फार जुनी आहे, पण ती नाव किंवा देवाची आकृती एवढ्यापुरतीच होती आणि हाताच्या आतल्या बाजूला, बहुधा डाव्या हातावरच असे. आजची तरुण पिढी पाश्चात्त्य प्रभावाखाली गेली आहे आणि अंगावरची अशी चित्रे शिस्तीला बाधक आहेत, असा त्याचा आशय. त्यानंतर तीन कसोट्या येतात. मजकूर : धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव चालेल, लष्करात चालते तसे. जागा : कोपर ते मनगट हाताची आतली बाजू, तीही फक्त डावी, कारण तो सलामीचा हात नव्हे, किंवा मळहात. आकार : त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी.

प्रवचनातला इतिहास अर्धा आहे आणि तो अर्धा पुरुषांचा आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या गोंदवून घेतले ते मुख्यतः बायकांनी : कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर. मध्य भारतातल्या बैगा आदिवासी स्त्रियांची पाठ आणि पाय गोंदणाने भरलेले असतात. छत्तीसगडच्या रामनामी या दलित पंथाच्या लोकांनी तर अंगभर रामनाम गोंदवले, तेही देवळात घेत नाहीत म्हणून. म्हणजे आजीच्या कपाळावर होते तेच नातीच्या कपाळावर असले, तर परंपरेचा हवाला देणाऱ्या या नियमाच्या ‘पारंपरिक जागां’च्या यादीत ते बसत नाही. लष्कराच्या भरतीत आदिवासी जमातींच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर असलेल्या गोंदणाला सवलत आहे, पण ती जमातीसाठी. कुणब्याच्या किंवा मराठ्याच्या घरातली मुलगी नुसते ‘आमच्यात असते’ म्हणून भागवू शकत नाही.

खरा गुंता जागेच्या ओळीत आहे. ‘फक्त डावी’ ही अट मळहातालाही लागू होते की हाताच्या आतल्या बाजूपुरतीच, हे वाक्यरचनेतून ठरत नाही. मूळ इंग्रजीत ‘डावी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे आणि पुढे ‘मळहात’ अनेकवचनी आहे. अनेकवचन धरले तर दोन्ही मळहात चालायला हवेत. सलामीचे कारण धरले तर उजवा चालणार नाही. वैद्यकीय बोर्ड बहुधा दुसरा अर्थ घेतात. पण सलामीचे कारणही पूर्ण टिकत नाही. भूदलाच्या सलामीत तळहात समोर असतो, तेव्हा उजव्या हाताची आतली बाजू समोरच्याला दिसते, इथपर्यंत ठीक. मात्र ज्या लष्कराचा दाखला कलमात दिलाय, त्याच्या भरतीच्या जाहिरातीत दोन्ही हातांची आतली बाजू आणि मळहात यांना परवानगी असते. तिथे उजव्या-डाव्याचा भेदच नाही. त्यामुळे एकच मुलगा, उजव्या हातावर तेच नाव, लष्करात फिट आणि निमलष्करी दलात अनफिट.

आकाराच्या कसोटीत अवयव कोणता, तर कंसात ‘कोपर किंवा हात’. कोपराचा चतुर्थांश कसा मोजायचा, हे कुणी सांगितलेले नाही. कोपर ते मनगट धरले तर सरासरी पोराचा हात 25 सेंटिमीटर लांब आणि घेर सरासरी 21 सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाचशे चौरस सेंटिमीटर. त्याचा चतुर्थांश 130 च्या आसपास. फक्त आतली बाजू मोजली तर मर्यादा एकदम निम्म्यावर, 65 वर येते. मळहात साधारण 80 चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिथे चार बाय पाच सेंटिमीटरचा ॐ हाच काठावरचा. मोजमाप कोणतेही धरा, फॉर्मवर शेवटी एकच शब्द येतो : ‘अनफिट’.

न्यायालयांनी या कलमाला हात घातला तो कडेकडेने. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे सोलापूरच्या एका उमेदवाराचे प्रकरण आले. उजव्या हातावरचे धार्मिक चिन्ह त्याने बहुतांशी काढूनही घेतले होते. त्याला नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. 2022 मध्ये दिल्लीत उजव्या मळहातावरच्या धार्मिक टॅटूचे प्रकरण गेले. तिथे टॅटू काढून टाकून दोन आठवड्यांत नव्या वैद्यकीय मंडळापुढे जाण्याची मुभा मिळाली. उमेदवाराला दिलासा मिळाला, कलम आहे तिथेच राहिले. शिवाय टॅटू काढता येतो आणि तोही पंधरवड्यात, हा समज पक्का झाला. हा समज आज सगळ्यात जास्त नुकसान करतोय.

लेसरने शाई एकदम जात नाही. लेसर तिचे बारीक कण करतो आणि ते शरीर हळूहळू वाहून नेते. म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जावे लागतात. जत्रेतला निव्वळ काळा टॅटू तीन ते सहा बैठकांत फिका होतो. स्टुडिओतला, दाट भरलेला टॅटू आठ-दहा बैठका खातो. म्हणजे कमीत कमी चार महिने, नाहीतर वर्षाच्या वर. आपल्या सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटरचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि तो काळ्यावर चांगला चालतो. हिरवा, पिवळा हट्टी. पांढरी शाई तर लेसरखाली उलट काळी पडते. घाई करून ताकद वाढवली की पांढरा डाग किंवा उंच व्रण उरतो. फेरतपासणी मात्र अलीकडे शक्यतो दुसऱ्याच दिवशी उरकतात. मग कुणी ॲसिड लावतो, कुणी मिठाने घासतो, कुणी तापवलेला चमचा टेकवतो. टॅटू जातो, हाताची कातडी आखडते आणि पुढच्या मेडिकलला व्रणाचा शेरा पडतो. दोन-तीन सेंटिमीटरचा टॅटू असेल तर सर्जन तो कापून टाके घालू शकतो; टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात आणि सरळ रेघेची खूण राहते. घाईच्या उपायांत शहाणपणाचा म्हणावा असा हाच, पण गावात तो कुणी सांगत नाही.

सातारा-कोल्हापूर पट्ट्यातून येणाऱ्या मुलाला सुई लावण्याआधी ‘भरती करणार का?’ हे विचारण्याची सवय म्हणूनच जाणत्या स्टुडिओंना लागली आहे. यातली एक गोष्ट घरच्यांच्या समजुतीच्या नेमकी उलटी आहे. ‘दिसणार नाही अशा जागी काढ’ हा सल्ला बँकेच्या मुलाखतीसाठी बरोबर. मेडिकलला उमेदवार चड्डीवर उभा असतो, तिथे खांदा, छाती, मांडी यांवरचा टॅटू थेट बाद. चालणारी जागा म्हणजे आई-वडिलांना सगळ्यात जास्त खटकणारी, डाव्या हाताची आतली बाजू. तिथेही सहा बाय आठ सेंटिमीटरच्या आत, मनगटाच्या घडीपासून दोन बोटे वर, एकाच काळ्या शाईत आणि नाव किंवा देव एवढाच मजकूर. जोडीदाराचे नावही नियमात बसते, पण ‘आता थांब’ असे सांगणारे कलाकार पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, असे ते उघड म्हणतात.

आधीच उजव्या हातावर असलेल्यांसाठी कव्हर-अपचा पर्याय स्टुडिओत दररोज विचारला जातो. त्याने काम होत नाही. जुनी शाई झाकायला नवे चित्र मूळच्या दुप्पट-तिप्पट मोठे आणि अधिक गडद करावे लागते. जागा चुकलेली होतीच, त्यात आकारही चुकतो.