दोन भाषा ऐकल्या म्हणून मूल उशिरा बोलतं का?

"लहान मुलाला दुसरी भाषा ऐकवू नका, गोंधळून उशिरा बोलेल" हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, आणि आम्ही सोसायटीत जर्मन प्लेग्रुप सुरू केला तेव्हा पहिल्याच रविवारी एका आजींनी हेच विचारलं. काळजीपोटीच विचारलं, प्रश्न रास्तच आहे.

खरं असं की दोन भाषांत वाढणारी मुलंही पहिला शब्द वर्षाच्या आसपासच बोलतात. चुकतं ते मोजण्यात. समजा मुलाला ३५ शब्द मराठीत येतात आणि २० जर्मनमधे, आपण फक्त मराठी मोजतो आणि म्हणतो मागे पडला. दोन्हीकडचे मोजा ना! आमच्यातला एक सव्वादोन वर्षांचा मुलगा "आई, वासर दे" म्हणतो, वासर म्हणजे जर्मनमधे पाणी, आणि बघा, मराठी वाक्यात शब्द किती नीट बसवलाय, "दे" अगदी जागेवर. अशी सरमिसळ मोठी माणसंपण करतात.

तपासायचं असेल तर आठवडाभर वहीत शब्द लिहा, दोन्ही भाषांतले. २ वर्षांचं होऊनही सगळे मिळून ५० च्या आत असतील किंवा दोन शब्द जोडत नसेल तर भाषा बंद करू नका, कान तपासून घ्या, स्पीच थेरपिस्टला दाखवा.

आणि हो, व्हिडिओ लावून देणं म्हणजे प्लेग्रुप नव्हे. २००३ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात ९ महिन्यांच्या बाळांना मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली, ज्यांच्यासमोर माणूस बसून खेळला ती बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली, स्क्रीनवाली नाही. म्हणून आम्ही आजींनाही बसवतो, गाणं चालू असताना नातू त्यांच्याच मांडीवर असतो.