आनंदचा बॉनमधला तिसरा डाव आणि पाचवा डाव, फरक नेमका कुठे?

जर्मनीतल्या बॉनला झालेल्या, २००८ च्या बुद्धिबळाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचमधले हे दोन डाव सारखे एकमेकांत मिसळले जातात, आणि मिसळणारच ना, दोन्हीत आनंद काळ्या मोहऱ्यांनी क्रामनिकला हरवतो, दोन्हीत ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींचा ठरलेला प्रकार, सेमी-स्लाव्हमधलं मेरान, आणि पांढऱ्याचा उंट बी५ चं (बी ही पटावरची उभी रांग, ५ ही आडवी) प्यादं खातो त्या पंधराव्या चालीपर्यंत पट अगदी सेम! काळ्याचा राजा मधेच उभा, पण जी फाईल, म्हणजे जी ची उभी रांग, मोकळी आणि बी७ चा उंट थेट पांढऱ्या राजाच्या घरावर रोखलेला.

इथून वाटा फुटतात. १७ ऑक्टोबरच्या तिसऱ्या डावात आनंद आधी उंट डी६ ला काढतो, मग हत्ती जी८ ला. २० तारखेच्या पाचव्यात हत्ती आधी. क्रम बदलला आनंदने, क्रामनिक परत त्याच लाईनमध्ये, म्हणजे त्याच चालींच्या वाटेवर, आला होता, आणि मला हे धाडस आजही भारी वाटतं, कारण जी लाईन जिंकून देते ती लगेच कोण बदलतं?

तिसरा डाव म्हणजे राजाची शिकार. क्रामनिककडे वजिराच्या बाजूला दोन मोकळी प्यादी (पुढे अडवायला काळं प्यादं नाही अशी) होती पण राजा उघडा पडला, उंटाचा चेक, हत्तीचा चेक, करत करत राजा सी२ पर्यंत हाकलला गेला, ३५ व्या चालीत हत्तीच्या बदल्यात वजीर गेला आणि ४१ व्या चालीत डाव संपला.

पाचवा मात्र बराच वेळ शांत आहे, आणि खरी मजा त्यातच आहे. २९ व्या चालीत क्रामनिक घोड्याने डी४ चं प्यादं खातो. हिशोब बरोबर वाटतो, वजीर कटतात, हत्ती डी७ वर चेक देऊन बी७ चा उंट पण परत घेतो, म्हणजे एक प्यादं वर. मग आनंदचा हत्ती सी१ वर चेक देतो, उंट एफ१ ला आडवा येतो, आणि घोडा ई३! तो मारला तर काळं प्यादं ई३ वर येऊन पुढे ई२ ला जाणार, एफ१ चा उंट पिन झालेला, म्हणजे हलला तर राजाला चेक बसतो, म्हणून त्याला ते मारता येत नाही, आणि राजाला एफ२ ला यायला त्याच प्याद्याने बंदी. ३५ चालींत खेळ खल्लास, स्कोअर आनंदकडे ३.५–१.५.

तेव्हा घोडा ई३ ची क्लिप दिसली की तो पाचवा, आणि पांढरा राजा सी२ वर पळताना दिसला की तिसरा.